जाऊबाईंचा डावा हात

आमच्या थोरल्या जाऊबाईंचे हात फार लहान आहेत. किती लहान, तर माझ्या शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाताला हात लावून बघतात आणि दर वेळी हरतात. बाकी बाई मोठी आहे. आवाज मोठा, अंगाने भरलेल्या, घरात शिरल्या की खोली लहान वाटते. पण हात मात्र देवाने घाईत उरकले असावेत. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते सगळं ह्या हातांवरूनच झालं, आणि एकदा ते सांगायला लागले की माझं डोकं तापतं, मग काही सांगायचं राहून जातं.

आम्ही दोघी एकाच लॉन्ड्रीत कामाला. मोठं हॉस्पिटल आहे, त्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं आमच्याकडे धुवायला येतं. हॉस्पिटलने आमच्या मालकाला ठेका दिलाय आणि मालकाने आम्हाला कामावर घेतलंय. मधे एक भिंत आहे आणि भिंतीतच धुण्याची यंत्रं बसवलीत. मळकं तिकडून आत टाकायचं, धुतलेलं इकडून काढायचं. मी इकडे, इस्त्रीच्या रोलरवर. जाऊबाई तिकडे, मळक्या बाजूला. घरीही तसंच आहे म्हणा. भांडी त्या घासतात, मी पुसून लावते, आणि वर ऐकून घेते की कपाट नीट लावलं नाही. मिठावरून आमची अशी जुंपते की आमचे हे आणि भाऊजी दोघंही काहीतरी काम काढून बाहेर पडतात. पण बाहेरच्या कोणी जाऊबाईंना वेडंवाकडं बोललेलं मला खपत नाही. त्यांना बोलायचा हक्क माझा एकटीचा आहे.

मळक्या बाजूचं काम म्हणजे निवडायचं काम. वॉर्डातून गाठोडी येतात. गाठोडं सोडायचं, एकेक कपडा उचलायचा, रक्ताचे वेगळे, साधे वेगळे. गाठोड्यांत काय काय निघतं विचारू नका. चमचे, चष्मे, एकदा तर दातांची कवळी निघाली. जाऊबाईंनी ती स्वच्छ धुतली, पिशवीत घातली आणि गाडीबरोबर परत पाठवली. म्हणाल्या, "कोणाचं तरी जेवण अडलं असेल गं." आणि निघतात सुया. सुई टोचून झाली की ती वॉर्डातल्या डब्यात टाकायची असते. घाईगर्दीत ती चादरीत राहते, चादर गुंडाळली जाते, गाठ बसते, आणि ती सुई आमच्याकडे येते.

मालकाने रबरी हातमोजे दिले होते, नाही असं नाही. पण सगळे एकाच मापाचे, चांगल्या दांडगट पुरुषाच्या हाताचे. घाऊक स्वस्तात मिळाले म्हणून आणले. आणि मळक्या बाजूला एकजात बायका. जाऊबाईंच्या हातात तो मोजा नुसता लोंबायचा, बोटांची टोकं रिकामी. त्या टोकांत कपडा अडकायचा आणि कपड्यात काही टणक आहे की नाही, काही कळायचं नाही. सुई मोज्यातून आरपार गेल्यावरच कळायचं.

म्हणून तिथल्या बायकांनी आपली एक रीत पाडली होती. उजव्या हातात मोजा, डावा हात मोकळा. डावा हात आधी कपड्यावरून हलकेच फिरवायचा, पोराला ताप आहे का बघताना कपाळावर ठेवतो ना, तसा. टणक लागलं की थांबायचं, मग मोज्याच्या हाताने उचलून पत्र्याच्या झाकणात ठेवायचं. ही रीत प्रत्येक नव्या बाईला जाऊबाई शिकवायच्या. सुपरवायझर दारात उभा राहून बघायचा. त्याला सगळं दिसत होतं. तो कधी चकार शब्द बोलला नाही, कारण त्या रीतीने कामाला वेग यायचा.

त्या दिवशी सकाळी मी रोलरवर चादर चढवत होते, तर भिंतीतल्या काचेवर टकटक झाली. पलीकडे जाऊबाई. डाव्या हाताचं एक बोट वर धरलेलं. मला वाटलं, डबा विसरले म्हणून दटावतायत. मी मान हलवून कामाला लागले. परत टकटक. मग त्यांचं तोंड बघितलं आणि हातातली चादर तशीच टाकली. वळसा घालून धावत गेले तर त्या नळाखाली हात धरून उभ्या. शेजारी पत्र्याच्या झाकणात सुई, सुईच्या आत रक्त.

"टोचली गं धाकटे," एवढंच म्हणाल्या.

सुपरवायझर आला. माणसाने आधी काय विचारावं? कुठे टोचली, किती खोल, काही त्रास होतोय का? ह्याने विचारलं, "डाव्या हातात मोजा का नव्हता?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस डोळ्यांदेखत बघतोय हा, आणि आज ह्याला डावा हात दिसला. मी तोंड उघडणार तेवढ्यात जाऊबाईंनी माझं मनगट दाबलं. सुपरवायझरने मालकाला फोन केला. मालक म्हणाले, औषध लावा, पट्टी बांधा, उद्या बघू.

आता, अशा सुईतून दुसऱ्याच्या रक्तातले आजार येऊ शकतात आणि त्यावर गोळ्या असतात, हे लॉन्ड्रीत प्रत्येकीला ठाऊक आहे. त्या जितक्या लवकर घ्याल तितक्या कामाच्या, हेही ठाऊक आहे. आणि कुठे मिळतात? ज्या हॉस्पिटलची सुई, त्याच हॉस्पिटलात. उद्या बघू म्हणणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत मी जाऊबाईंना घेऊन निघाले.

आमची गाडी नेहमी मागच्या दाराने जाते. आम्ही पुढच्या दाराने गेलो. अपघात विभागाच्या खिडकीत एक माणूस बसला होता. त्याने विचारलं, "स्टाफ कार्ड?"

"आम्ही लॉन्ड्रीच्या. तुमच्या चादरीत सुई होती."

"लॉन्ड्री बाहेरची आहे. तुमच्या ठेकेदाराला सांगा."

"ठेकेदार उद्या बघू म्हणतोय."

"मग खरेदी विभागात जा. ठेका तिकडून दिलाय. त्यांनी हो म्हटलं तर बघू."

चादरी, साबण, झाडू, खुर्च्या घेणारा तो खरेदी विभाग, आणि जाऊबाईंना गोळी द्यायची की नाही हेही त्यांनीच ठरवायचं. गेलो जिने चढून. खरेदीच्या मॅडम बोलायला अगदी गोड. बसा म्हणाल्या, पाणी मागवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला खरंच फार वाईट वाटतंय. पण करारात स्पष्ट आहे, कामगारांच्या तब्येतीची जबाबदारी पुरवठादाराची. मी तुमच्या मालकांशी बोलते." मालकांना फोन लावला. मालक उचलेनात. परत लावला. परत उचलेनात. मॅडमनी हात पसरले, म्हणजे बघा, मी माझ्याकडून केलं.

त्यांच्या मागे भिंतीवर काचेच्या चौकटीत मोठ्या सुबक अक्षरात लिहिलं होतं. मी मोठ्याने वाचलं. "आमच्यासाठी काम करणारा प्रत्येक माणूस, मग तो कोणाकडेही नोकरीला असो, आमच्यासाठी सन्माननीय आहे."

"हे कोणाबद्दल लिहिलंय मॅडम?"

"ते आमच्या खरेदीचं धोरण आहे."

"मग ह्या कोण?" मी जाऊबाईंकडे हात केला. "कोणाकडे तरी नोकरीला आहेत. तुमच्यासाठीच काम करतात. ह्यांना ते लागू होतं की चौकटीच्या बाहेर आलं की संपतं?"

मॅडमनी मान वळवून चौकटीकडे बघितलं. चेहरा उतरला, ते मी बघितलं. पण उतरलेला चेहरा घेऊन आम्ही काय करणार होतो? जाऊबाई उठल्या, मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "पुरे. बाई चांगली आहे, पण ती आपल्याला काही देणार नाही."

परत अपघात विभागात येऊन बाकड्यावर बसलो. मी दर थोड्या वेळाने खिडकीशी जाऊन हुज्जत घालत होते. तो माणूस माझ्याकडे बघायचंही सोडून बसला होता. जाऊबाई डावा हात मांडीवर उलटा ठेवून त्याकडे बघत होत्या. भाऊजींना अजून कळवलं नव्हतं. "काय सांगू त्यांना?" असं एकदाच म्हणाल्या. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही बाई घाबरली आहे. मिठावरून घर डोक्यावर घेणारी बाई, आणि तिला नवऱ्याला फोन लावायचा धीर होत नव्हता.

तेवढ्यात आतल्या दाराने एक नर्स आली. गणवेशात, तरुण, एक बोट दुसऱ्या हाताने घट्ट धरलेलं, तोंड पांढरंफटक. "सुई टोचली," म्हणाली.

आणि मग मी जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. खिडकीतला माणूस ताडकन उठला. कोणी तिला पलंगावर बसवलं, कोणी पाणी आणलं. डॉक्टर हातातलं काम टाकून आले. "सगळं नंतर लिहू, आधी रक्त घ्या," असं म्हणत त्यांनी स्वतःच गोळ्या काढल्या. एक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. कोणीही विचारलं नाही, मोजा घातला होतास का. त्या पोरीबद्दल माझ्या मनात काही नाही. तिला जे मिळालं ते मिळायलाच हवं होतं. पण त्याच खोलीत, तिच्या कितीतरी आधीपासून, तसंच बोट घेऊन एक बाई बसली होती आणि ती कोणाला दिसत नव्हती. मला रडू येत होतं आणि रागाने दात आवळले जात होते, दोन्ही एकदम.

मी उठायच्या आत जाऊबाई उठल्या. घराबाहेर भाजीवाल्याशीही घासाघीस करायला लाजणारी बाई ही, ते काम मला करावं लागतं. त्या सरळ आत गेल्या, नर्सच्या शेजारी त्याच पलंगावर बसल्या आणि तिच्या हातापुढे ट्रे ठेवला होता त्यावर आपलाही डावा हात ठेवला. तिच्या बोटाला बोट लागेल इतका जवळ.

"हिला जे द्याल ते मला द्या," म्हणाल्या.

"अहो बाई, बाहेर बसा," खिडकीतला माणूस धावत आला.

"हिला सुई वॉर्डात टोचली. मला तुमच्याच वॉर्डाच्या चादरीतली लॉन्ड्रीत टोचली. मी इथून उठत नाही. उठवायचं असेल तर हा हात धरून उठवा."

त्यांनी तो हात जरा वर केला. टोचलेल्या बोटावर रक्ताचा ठिपका परत आला होता. खिडकीतला माणूस एक पाऊल मागे गेला. त्या हाताला हात लावायला कोणीच पुढे येईना. त्या चादरी धुवायला मात्र तोच हात चालत होता. नर्सने एकदा जाऊबाईंच्या बोटाकडे बघितलं, मग आपल्या बोटाकडे. "द्या ना डॉक्टर," हळूच म्हणाली. "माझं नि ह्यांचं एकच तर आहे."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. जाऊबाईंचंही रक्त घेतलं.

महिनाभर त्या गोळ्या घ्यायच्या होत्या आणि मग पुढे काही महिने पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं होतं. गोळ्यांनी जाऊबाईंना अन्नाचा वास सहन होईना. स्वयंपाक माझ्याकडे आला. एक दिवस माझ्या हातून भाजी खारट झाली, त्या मुकाट्याने दोन घास खाऊन उठल्या. त्यापेक्षा मिठावरून चार शब्द ऐकून घेणं मला परवडलं असतं. त्यांनी आपला कप वेगळा केला, स्वतः घासून वेगळ्या फळीवर ठेवायला लागल्या. पोरांना जवळ घेईनात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असल्या गोष्टींनी काही होत नाही, तरी. शेवटी मी एकदा त्यांच्याच कपात चहा ओतून त्यांच्यासमोर प्यायले आणि तो कप आमच्या कपांत आदळला. जाऊबाई म्हणाल्या, "हळू. फुटला असता." दुसऱ्या दिवसापासून कप आमच्यातच राहिला.

ह्यातच एक दिवस खरेदीच्या मॅडम लॉन्ड्रीत आल्या. हॉस्पिटलात वरपर्यंत बोभाटा झाला होता. मालक त्यांच्या मागे मागे, हात बांधून. मॅडमनी आम्हा सगळ्यांना एकत्र केलं आणि म्हणाल्या, "जे झालं त्याची आम्ही गंभीर दखल घेतली आहे. कामगारांची काळजी न घेणाऱ्या पुरवठादाराशी आमचं हॉस्पिटल संबंध ठेवणार नाही. हा ठेका आम्ही रद्द करतोय."

मालकाचं तोंड बघून क्षणभर मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग आजूबाजूला बघितलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मॅडमना वाटलं असावं की आम्ही आभार मानू.

जाऊबाई मळक्या बाजूच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "सुई तुमच्या वॉर्डातून आली. बोट माझं. आणि आता कामही माझंच जाणार?"

"तसं नाही, आम्ही तुमच्याच बाजूने..."

"तुम्ही दुसरी लॉन्ड्री शोधाल. तिथेही आमच्यासारख्याच बायका असतील. गाठोडी तीच, सुया त्याच. तुमचे हात तेवढे धुऊन निघतील."

मॅडम लाल झाल्या. "मग तुम्हाला काय हवंय?"

"वॉर्डात चादर झटकून मग गाठोडं बांधा. कोणाला टोचली तर दारात कार्ड मागू नका. आणि आमच्या मापाचे मोजे."

"मोजे देणं हे पुरवठादाराचं काम आहे," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही दर केवढा पाडून घेतलाय, त्यात मोजे कुठून आणू?" मालकाला अचानक कंठ फुटला. आणि दोघं आमच्या डोक्यावरून एकमेकांशी भांडायला लागले. मी म्हटलं, "आधी माप तरी घ्या."

जाऊबाई पुढे झाल्या. मॅडमच्या हातातली फाइल घेतली, पालथी केली, तिच्यावर डावा हात पसरला आणि मॅडमच्याच पेनाने भोवतीने रेघ ओढली. ती फाइल परत देऊन म्हणाल्या, "ह्या मापाचे." मॅडमनी त्या एवढ्याशा हाताच्या चित्रावर आपला हात ठेवून बघितला.

ठेका राहिला. दर थोडा वाढला असं ऐकलं. काही वॉर्ड चादरी झटकायला लागले, काही आपले तसेच. आणि एक दिवस मोज्यांचं खोकं आलं. जाड, तरी बोटांत मऊ, लहान मापाचे. बायकांचे चेहरे असे फुलले की काय सांगू. सुपरवायझरने ते खोकं उचललं आणि ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटात नीट मांडून कुलूप लावलं.

"हॉस्पिटलची तपासणी येणार आहे," म्हणाला. "तोवर नवेकोरे राहू देत. तुम्ही आधीचेच वापरा."

ऐका. मोजे कपाटात, बायकांचे डावे हात उघडे. त्या कपाटाचा फोटो काढून हॉस्पिटलला पाठवला म्हणे. मी सुपरवायझरला जाता येता टोमणे मारले, विचारलं की कपाटाला सुया टोचतात का. त्याच्यावर काही परिणाम नाही. जाऊबाई जुनाच मोजा उजव्या हातात चढवून कामाला लागायच्या. त्यांचं सगळं लक्ष शेवटच्या तपासणीकडे, म्हणजे त्यांच्या रक्ताच्या.

तो दिवस उजाडला. मी बरोबर गेले. खिडकीतल्या त्याच माणसाने ह्या वेळी कार्ड मागितलं नाही, बसा म्हणाला. डॉक्टरांनी कागद बघितला आणि हसून सांगितलं, काही नाही, सगळं स्वच्छ आहे. मी तिथेच हमसून रडायला लागले. जाऊबाई म्हणाल्या, "इथे तमाशा नको." मग दारातूनच त्यांनी भाऊजींना फोन लावून कळवलं.

मला वाटलं, आता घरी. त्या घराकडे वळल्याच नाहीत, सरळ लॉन्ड्रीत. कपाटापाशी जाऊन उभ्या राहिल्या. कपाटाच्या काचा सरकत्या होत्या. अशा काचा जरा वर उचलून आपल्याकडे ओढल्या की खाचेतून निघतात, कुलूप असो वा नसो. ज्या बाईने कधी असलं कपाट पुसलंय तिला ते माहीत असतं. जाऊबाईंनी काच उचलली, अलगद भिंतीला टेकवून ठेवली आणि खोकं काखोटीला मारून मळक्या बाजूला गेल्या. प्रत्येकीच्या हातात जोड ठेवला. स्वतःही चढवला. बोटांच्या टोकापर्यंत बरोबर बसला. डावा हात त्यांनी दोनदा मिटून उघडून बघितला.

सुपरवायझर धावत आला. "अहो, काय केलंत हे? उद्या तपासणी आहे. आता मी त्यांना काय दाखवू?"

जाऊबाईंनी समोरचं गाठोडं सोडलं. वरच्या चादरीवरून मोजा घातलेला डावा हात हलकेच फिरवला, अर्ध्यावर थांबल्या. घडीतून चिमटीने सुई काढली, पत्र्याच्या झाकणात ठेवली आणि झाकण त्याच्यापुढे धरलं.

"हे दाखवा," म्हणाल्या.